आधी लघुपट की थेट सिनेमा?

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे एक गोष्ट आहे. वाडा विकलाय, आणि आजी शेवटची दिवाळी तिथेच करते. "मामा, शॉर्ट फिल्म करू की पूर्ण सिनेमा?" मी उलट विचारलं, आजीचं मन एका दुपारी बदलतं की वर्षभरात?

एका दुपारी, तर लघुपट. किल्ल्या सोपवताना ती देवघराचं दार पुन्हा एकदा लोटून बघते, एवढं दिसलं की पुरे. दीर कधी वेगळे निघाले, हे सांगत बसायचं नाही. बघणारा जोडून घेतो. सिनेमात मात्र तेच दीर, वाटण्या, पुण्याला गेलेला मुलगा, सगळं उभं करावं लागतं आणि मध्यंतरानंतर ही माणसं बदललेली दिसावी लागतात. वीस मिनिटांचा ऐवज दोन तास ताणला की पाहुणे वाढले म्हणून पाणी घातलेल्या आमटीची चव येते.

लांबीचं गणित आधी करा. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. ऑस्करला श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंतचा लघुपट चालतो, फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेला 15 मिनिटांपर्यंतचाच. 28 मिनिटांचा केलात, तर कानचं दार बंद.

आता माणसांचं. आम्ही सराफ्यात रात्री, पेढ्या बंद होऊन चाटचे ठेले लागल्यावर, दोन रविवार आमच्या लघुपटाचं शूटिंग केलं. मंडळी पोहे-जिलबीवर आली. दुसऱ्या रविवारी हिरो केस कापून हजर! टोपी घालून निभावलं. तीन शॉटना टोपी चालते. पंचवीस-तीस दिवसांच्या शूटिंगला फुकट येणारे मित्रही पुरत नाहीत आणि टोपीही.

पैसा? लघुपटातून बहुधा परत येत नाही, तो गेलाच समजा. सिनेमाचा येऊ शकतो, पण बुडाला तर घर बसतं. थिएटरात लावायचा तर सेन्सॉरचं सर्टिफिकेट दोघांनाही लागतं; यूट्यूबवर टाकायला नाही. लघुपट मिळवून देतो ती ओळख. नागराज मंजुळेंचा 'पिस्तुल्या' हा लघुपट आधी, 'फँड्री' नंतर.

पहिलटकराला मी तरी लघुपटच सांगेन. भाच्याची चौदा पानं लिहून झालीत. दीर अजून त्यात आहेत.