भिंतीवरच्या दोन होड्या : उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीआधी पुण्यातल्या हॉलसाठी दोन फोटो छापून घेतले, दोन्ही कोकणातल्या जुन्या लाकडी होड्यांचे. एक हर्णै बंदरातला, संध्याकाळचा, मागे सुवर्णदुर्गाची काळी तटबंदी. ३६ बाय २४ इंच, कॅनव्हासवर. दुसरा मालवणचा, ढगाळ सकाळी वाळूवर ओढून ठेवलेली उलांडीची (बाजूला ओंडका बांधलेली) होडी. २४ बाय १६, मॅट कागदावर, काच लावून सागवानी चौकटीत.

निकाल आधीच सांगते. पाहुण्यांना आवडतो तो पहिला, मला पुरला तो दुसरा.

हर्णैच्या फोटोत केशरी आकाश आहे आणि होडी म्हणजे नुसती काळी आकृती. छपाईवाल्याने रंग आणखी चढवले, त्यामुळे आकाश अगदी मिठाईच्या दुकानासारखं दिसतं. पहिला आठवडा मजा आली, मग नजर त्यावर थांबेनाशी झाली. मालवणच्या होडीत मात्र बघायला बरंच आहे. निळा रंग सोलवटून खालचा हिरवा दिसतो, कुठे त्याच्याही खालचा तांबडा. एका बाजूला दोन आडव्या दांड्यांनी बांधलेला लांबट ओंडका, म्हणजे उलांडी. तिच्यामुळेच एवढी अरुंद होडी लाटेवर कलंडत नाही. त्या दांड्यांवरचे दोरीचे वेढे कसे घेतलेत, हे मी अजून चहा पिताना बघत बसते.

शेजारच्या काकू मूळच्या मालवणजवळच्या देवबागच्या. फोटो बघून लगेच म्हणाल्या, "ही मोडकी नाय गो, पावसासाठी वर ओढून ठेवलेली आसा." बरोबरच आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बिनइंजिनाच्या छोट्या होड्यांना ती लागू नसली, तरी खवळलेल्या समुद्रात त्या घालणार कोण? मग त्या किनाऱ्यावर चढतात, झावळ्यांखाली विसावतात. आणि दुकानात अशाच फोटोंना ‘एकाकी’, ‘विस्मृतीत गेलेली’ अशी नावं चिकटवून विकतात. होडीचा मालक मागच्या पडवीत जाळं विणत बसलेला असेल, हे त्यांच्या गावीही नसतं.

आता टिकाऊपणाचं. जुलैच्या दमट हवेत कॅनव्हास वरच्या कोपऱ्यात सैल पडला. मागच्या लाकडी सांगाड्याच्या कोपऱ्यांत पाचरी होत्या, त्या हलक्या हाताने ठोकल्यावर पुन्हा ताणला गेला. स्वस्त सांगाड्यांना पाचरींची सोय नसते, तेव्हा घेतानाच उलटा करून बघा. मालवणचा फोटो बाहेरच्या, म्हणजे ओल धरणाऱ्या भिंतीवर आहे. चौकटीच्या मागे खालच्या दोन्ही टोकांना बुचाचे तुकडे चिकटवले, त्यामुळे हवा खेळती राहिली, बुरशी नाही. कागद आणि काच यांच्यात जाड पुठ्ठ्याचा माउंट मागून घ्या, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. कसर शिरू नये म्हणून पाठीमागच्या कडा टेपने बंद केलेल्या असाव्यात.

मोठी तक्रार काचेची. समोर बाल्कनी असल्याने दिवसभर होडीच्या जागी आमच्या कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे दिसतात. चकाकी न येणारी काच बरीच महाग पडते, पण खिडकीसमोर लावायचं असेल तर तिथे पैसे वाचवू नका. दिवाही बदलावा लागला. पांढऱ्या ट्यूबखाली वाळू राखेसारखी दिसायची. ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा बल्ब लावल्यावर ती वाळू वाटायला लागली.

फाइलबद्दल थोडक्यात : २४ मेगापिक्सेलचा न कापलेला फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. ३६ इंच रुंदीवर इंचाला साधारण १६६ ठिपके येतात, सोफ्यावरून बघायला तेवढे पुरतात. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मात्र छापायला देऊ नका.

हर्णैचा कॅनव्हास आता पॅसेजमध्ये हलवलाय. येताजाता दिसतो, तेवढ्यापुरता छान आहे. हॉलच्या मोठ्या भिंतीसाठी रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं टाकणाऱ्या होडीचा फोटो शोधतेय, शक्यतो भर दुपारचा, सूर्यास्त नसलेला. या वेळी पूर्ण छपाईआधी त्याच कागदावर एक पट्टी नमुना म्हणून छापून मागणार, तिचे वेगळे पैसे पडले तरी चालतील.