तिबेटी स्वेटरचा तंबू, सांगली : माल बरा, जागा बेकार

मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. रोज सकाळी हरिपुरातून स्कूटरवर येतो. डिसेंबरात नदीकाठचा गारठा छातीत बसतो, म्हणून यंदा हाफ स्वेटर घ्यायचाच ठरवला आणि विश्रामबागेकडे तिबेटी लोकांचे तंबू लागलेत तिथं गेलो.

दुसऱ्या तंबूत साठीच्या एक बाई बसल्या होत्या. मी हिंदीत भाव विचारला, तर त्या शेजारच्या पोराशी कन्नडमध्ये बोलल्या. माझं आजोळ जतकडचं. मी म्हटलं, "एष्टु री?", म्हणजे "किती हो?" बाई खुदकन हसल्या, आणि पुढचा अर्धा तास आमचं सगळं कन्नडमध्येच चाललं.

हाफ स्वेटर 450, बायकोला बटणांचा 800, नातीला कानटोपी 120. झाले 1370. वरचे 70 सोडा म्हटलं, तर सरळ नाही म्हणाल्या. भाव एकच. आयुष्य सौद्यात गेलेल्या माणसाला हे जरा टोचतं, पण वाद घातला नाही. कारण "पूर्ण लोकर नाही, मिक्स आहे" हे त्यांनी न विचारता सांगितलं होतं. तीन आठवडे वापरतोय. ऊब चांगली आहे, काखेत गोळे धरायला लागलेत. कानटोपीचा गोंडा दुसऱ्याच दिवशी सुटला. पावती नव्हती, तरी चेहरा ओळखून बदलून दिली. मालाला आणि माणसाला पाचपैकी चार.

माल लुधियानाचा. बराचसा उधारीवर उचलायचा, विकेल तसे पैसे भरायचे, थंडी पडलीच नाही तर गठ्ठे अंगावर. आमच्या पेढीवर याहून वेगळं काय चालतं? बाई कर्नाटकातल्या मुंडगोडच्या, हुबळीच्या पुढं. तिथली तिबेटी निर्वासितांची वसाहत 1966 ची. वडील 1959 नंतर तिबेटातून आले, आधी हिमाचलात रस्त्याच्या कामावर होते. बाईंचा जन्म तिकडचाच, वाढल्या मुंडगोडात. सरकारनं जमीन दिली, पण ती होती तेवढीच राहिली आणि खाणारी तोंडं वाढली. मका पावसाच्या भरवशावर. म्हणून दिवाळीनंतर गाठोडी बांधून आपल्याकडं यायचं, आणि लोसरला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, घरी परतायचं.

आता जागेचं. प्लॉट खाजगी, तीन महिन्यांचं भाडं आधीच मोजून घेतलेलं. आकडा ऐकून मी दोनदा विचारला. एवढं घेऊन नळ नाही, संडास नाही, लाईटची वायर बांबूवरून लोंबतेय. बायकांना जवळच्या हॉटेलात जावं लागतं, आणि फुकट कसं जायचं म्हणून दर वेळी चहा घ्यावा लागतो. बाई म्हणाल्या, "दिवसाला चार चहा होतात. मला चहा आवडतच नाही." हिशेबाची खोड म्हणून सांगतो, दहा रुपयांनी धरला तरी तीन महिन्यांत 3600 रुपये नुसत्या न आवडणाऱ्या चहाचे.

घरी येऊन मुलीला मोबाईलवर शोधायला लावलं. केंद्रानं 2014 साली तिबेटी पुनर्वसनाचं धोरण काढलंय. वसाहतींच्या जमिनीचा भाडेपट्टा 20 वर्षांचा करा, सरकारी योजनांचा लाभ द्या आणि स्वेटर बाजाराला राज्यांनी जागा देण्याचा विचार करावा, असं त्यात आहे. 'विचार करावा'. दिवाणजीला या शब्दाचा अर्थ कळतो: खतावणीत नोंद नाही. पैशाचं म्हणाल तर 2015-16 पासून 36 वसाहत कार्यालयांसाठी केंद्रानं वर्षाला 8 कोटी ठरवले, सरासरी कार्यालयामागं 22 लाख. त्यात कार्यालयाचा खर्च आणि समाजकल्याण. सांगलीतल्या तंबूपर्यंत त्यातलं काय पोचणार?

1960 च्या सुमारास म्हैसूर राज्यानं, म्हणजे आताच्या कर्नाटकानं, तिबेटी वसाहतीसाठी बैलकुप्प्याला सुमारे 3000 एकर दिली. आपल्या महाराष्ट्रातही 1972 मध्ये नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत वसवली, तेव्हाच्या भंडाऱ्यात, आताच्या गोंदियात. तेव्हा एकरांनी दिली, मग आता तीन महिन्यांपुरती चार गुंठे, एक नळ आणि रीतसर पावतीचं भाडं एवढं कुठल्याही गावाला जड जाऊ नये. फुकट कोणी मागत नाहीये. जागेला पाचपैकी एक, तोही रस्ता जवळ आहे म्हणून.

जाणार असाल तर दिवसाउजेडी जा. रात्री बल्बखाली मी करडा म्हणून घेतलेला स्वेटर घरी हिरवट निघाला. मोबाईलवरून पैसे घेतात. संडास जवळ नाही हे लक्षात ठेवून निघा. जानेवारी संपता संपता तंबू उठतात.

काल परत गेलो होतो, मेहुण्यासाठी. पैसे देताना बाईंनी विचारलं, हळदीच्या पेढीवर आहात ना, जाताना पाच किलो न्यायचीय, चांगली राजापुरी द्याल का? देतो म्हटलं, भावाचं बघू नंतर.

"नंतर नाही," बाई म्हणाल्या, "एकच सांगा."