रेकॉर्ड प्लेअरची सुई साफ करायची जेल: मे महिना आणि पावसाळा काढल्यावर

रत्नागिरीच्या हवेत उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर या चिकट जेलच्या डबीबद्दल मत असं: कोरड्या धुळीला उत्तम, पावसाळी घाणीला अपुरी.

आधी डबीची उंची बघा. जाड डबी असली तर आर्म (सुई धरणारा दांडा) वर उचललेला असतानाही सुई काठाला अडकते. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज शून्यावर, प्लॅटर (रेकॉर्ड फिरवणारी चकती) बंद, डबी सुईच्या बरोबर खाली. मग आर्म वर-खाली करणाऱ्या लिव्हरनेच तो खाली सोडायचा, सुई टेकली की दोन सेकंदांनी लिव्हरनेच उचलायचा. तीन-चार वेळा, दरवेळी जागा जराशी बदलून. सुई जेलमध्ये असताना आर्म आडवा ढकललात तर कँटिलिव्हर (सुईचं टोक ज्यावर बसवलेलं असतं ती बारीक दांडी) वाकलाच म्हणून समजा.

मे महिन्यात जांभ्याची तांबडी धूळ जेलवर ठिपक्यांनी उमटलेली दिसते, सुई चकचकीत होते. जुलैत मात्र चित्र बदलतं. बुरशी धरलेली जुनी एलपी लावली की खाचेतली ओलसर घाण सुईच्या टोकामागे घट्ट बसते. दहापट भिंगातून मोबाइलच्या टॉर्चमध्ये पाहिलं तर सुईच्या टोकावरच्या हिऱ्याच्या मुळाशी करडं कडं दिसतं. आवाजातही कळतं: रेकॉर्डच्या आतल्या भागात 'स', 'श' फाटतात. जेल वरचं सैल तेवढं उचलते, कडं तसंच राहतं.

तिथे आखूड, मऊ केसांचा ब्रशच हवा. तोही फक्त मागून पुढे, म्हणजे आर्मच्या बुंध्याकडून हेडशेलच्या (आर्मच्या पुढच्या भागाच्या) टोकाकडे. रेकॉर्डही सुईखालून त्याच दिशेने सरकते. उलट किंवा आडवा कधीच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल कँटिलिव्हरवरून आतल्या रबरापर्यंत झिरपू शकतं, हिरा चिकटवलेल्या गोंदालाही त्याचा धोका. द्रव वापरायचाच तर कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसते त्या भागाच्या) कंपनीची परवानगी बघून, आणि तोही ब्रशच्या टोकाला लावून. सुईवर थेंब सोडू नका. (चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई असेल तर हा खटाटोपच नको, ती दर बाजूला बदलायची.)

जेल मळली की कोमट पाण्याखाली बोटाने हलकेच धुवायची. साबण नको, कापडाने पुसणंही नको, धागे चिकटतात. पावसात ती वाळायला अख्खा दिवस घेते, त्यामुळे रात्री मैफल असेल तर सकाळीच धुवा. वाळल्यावर झाकण घट्ट लावून ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा. आणि बुरशीची एलपी आधी धुऊनच लावा, नाहीतर दर बाजूला ब्रश हातात घ्यावा लागेल.