गोठेवाल्यांसाठी चांगलं टॅक्स ऑफिस, फक्त जुलैत जाऊ नका

चार स्टार देतोय, पाचवा का कापला ते खाली येईलच. आमचा जळगावजवळ म्हशींचा गोठा, सोबत थोडी केळी, दूध अर्धं संघाला अन् अर्धं रतीबाला. आधी जिथं रिटर्न भरायचो तिथं सगळं सरसकट शेती उत्पन्नात टाकून द्यायचे, दूध म्हणजे शेतीच ना भाऊ, असं. इथल्या साहेबांनी बसल्या बसल्या केळी वेगळी काढली न दूध वेगळं. केळीवर इन्कम टॅक्स नाही, पण नुसती जनावरं पाळणं ही शेती धरत नाहीत, तो धंदा, सुप्रीम कोर्टाने १९५७ लाच सांगून ठेवलंय. पहिले तर डोकं फिरलं राव, पण धंदा म्हटला की खर्चही सगळा मागता येतो, ढेप, कडबा, डॉक्टर, औषधं, विमा, गड्याचा पगार, दूध वाहायच्या गाडीचं पेट्रोल.

अन् खरी कामाची गोष्ट म्हणजे मेलेलं जनावर. इन्कम टॅक्सच्या जुन्या कायद्यात कलम ३६ मध्ये सरळ लिहिलंय की धंद्यात वापरायचं जनावर मेलं किंवा कायमचं निकामी झालं तर खरेदी किंमत वजा जे काही हातात आलं, तेवढा फरक खर्चात धरायचा. म्हणजे ९० हजाराची म्हैस, कायमची भाकड झाली, ३५ ला गेली, तर ५५ हजार वजा. म्हशीवर घसारा, म्हणजे वस्तू झिजते त्याची दरवर्षीची वजावट, मिळत नाही, कायद्यात जनावर मशीनमध्ये मोजतच नाहीत, म्हणून ही सोय. दूध काढायच्या मशीनवर मात्र घसारा मिळतो, कडबाकुट्टीवर पण. घरच्या पारडूची म्हैस झाली असेल तर खरेदीच नाही, मग वजा काय करणार. २०२२ ला लंपी आला, राज्यात सुरुवात आपल्या रावेर तालुक्यातूनच, दुधाळ गाईमागे ३० हजार सरकारी मदत आली ती घेऊन लोक गप बसले, उरलेल्या नुकसानीचं कोणी विचारलंच नाही!

पण साहेब गोड गोड बोलून फाईल घेणारे नाहीत. ते म्हणे जुन्या कायद्यातल्या ४४एडी कलमात भरलं, म्हणजे उलाढालीवर ८ टक्के नफा दाखवला, बँकेतून आलेल्या पैशावर ६, तर वह्या नको, ऑडिट नको, पण मग म्हैस मेली काय न ढेप महागली काय, वेगळी वजावट काहीच नाही, सगळं त्या टक्क्यातच आलं. अन् एकदा त्यातून बाहेर पडलं की पाच वर्षं परत जाता येत नाही. दोन्हीकडून आकडा काढून दाखवला त्यांनी, मग आपण ठरवायचं. नव्या टॅक्स रिजीममध्ये ८०सी वगैरे (विमा, पीएफवरची सूट) जातं, धंद्याचा हा खर्च जात नाही, हे पण तिथंच कळलं.

रोखीचं बोलायचं तर शेतकऱ्याकडून कडबा रोख घेतला तरी चालतो, पण ढेपवाल्या दुकानदाराला एका दिवसात १० हजारावर रोख दिले की तो खर्च गेला. आता मी फोनवरूनच पाठवतो. जनावराची बाजार समितीची पावती, कानातला बारा आकडी बिल्ला अन् मेल्यावर पशुवैद्यकीय दवाखान्याचा दाखला, एवढं एका पिशवीत ठेवा, साहेब पहिले तेच मागतात.

माझ्यापुढे एक लग्नातला घोडीवाला बसलेला, सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेली घोडी, त्यालाही हेच कलम सांगितलं. नवापूरकडचे पोल्ट्रीवाले पण येतात, पण ब्रॉयलर म्हणजे विकायचा माल, त्याचा हिशोब वेगळा, इथं म्हशीचं लावू नका.

आता एक स्टार का कापला. फी आधी सांगत नाहीत, वह्या लिहून घ्यायच्या तर त्याचे वेगळे पडतात हे नंतर कळतं. जुलैत पाय ठेवायला जागा नसते, पोरगं टोकन देतं पण नंबर कधी लागेल देव जाणे, अन् धार काढायची वेळ झाली तरी आपण तिथंच. खाली गाडी लावायला जागा नाही, बाईकनेच जा. एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागलाय, कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा जुनं कलम पाठ करून वाद घालायला जाऊ नका, पावत्या घेऊन मे महिन्यातच जा.