ओला कचरा: प्रभागातच खत की डेपोची गाडी?

नगरपरिषदेला उभा असलेला एक उमेदवार म्हणतो, ओल्या कचऱ्याचं खत प्रभागातच करू. दुसरा म्हणतो, रोज गाडी लावून सगळं डेपोवर नेऊ. ‘स्वच्छ, सुंदर प्रभाग’ दोघांच्याही पत्रकात आहे; ती ओळ सोडून द्या.

खर्च बघा. गाडीचं डिझेल, चालक, दुरुस्ती कायमची. खताला आधी जागा, हौद, छप्पर. नंतर मुख्यतः मजुरी.

मेहनतीत मात्र खताची योजना फसते. ओल्या कचऱ्याच्या साधारण दुप्पट (वजनाने नव्हे, आकारमानाने) सुका पाला हवा, आठवड्याला ढीग वरखाली करायचा, मूठ दाबली तर जेमतेम थेंब यावा इतकीच ओल. खत तयार व्हायला ४५ ते ६० दिवस. पाला कमी पडला की हवा खेळत नाही, वास सुटतो, शेजारी भांडतात, हौद बंद. म्हणून विचाराच: पावसाळ्यात कोरडा पाला कुठून आणणार? रोज कामाला कोण?

दुसऱ्याला विचारा, ओला-सुका एकाच गाडीत जाणार का? मिसळलेला ढीग कुजून मिथेन हा पेट घेणारा वायू तयार होतो, आगी लागतात.

मोकळी जागा आणि झाडं असलेल्या वसाहतींना पहिल्याचं म्हणणं सोयीचं. दाट गल्ल्यांच्या प्रभागाला दुसऱ्याचं, पण गाडीत दोन कप्पे असतील तरच.