झाकण काढलेल्या रायझनवर काय बसवावं: टॉवर, एआयओ की डायरेक्ट-डाय ब्लॉक?

एएमडीच्या एएम५ सॉकेटवरच्या रायझन ७००० किंवा ९००० प्रोसेसरचं वरचं धातूचं झाकण काढलं (यालाच डीलिड म्हणतात) की कूलर निवडण्याचे नेहमीचे निकष पुरत नाहीत. एरवी पंखे किती, रेडिएटर केवढा, किती वॉट पेलतो, एवढं पाहिलं तरी भागतं. उघड्या डायसाठी, म्हणजे झाकणाखालच्या सिलिकॉनच्या तुकड्यासाठी, आधी चार वेगळे प्रश्न विचारावे लागतात: कूलरचा बेस कोणत्या धातूचा आहे, तो खरोखर सपाट आहे का, डायपर्यंत खाली उतरतो का, आणि दाब कमी-जास्त करणं आपल्या हातात राहतं का. यात नापास झालेला ३६० मिमीचा एआयओ (सीलबंद तयार वॉटर-कूलर) चांगल्या टॉवरपुढे (पंख्यांच्या उभ्या कूलरपुढे) हरतो.

माझा कौल आधीच देतो. ज्या टॉवरसाठी निर्मात्यानेच डीलिड किट काढलं आहे तो बहुतेकांना पुरेल. कस्टम लूप (सुटे भाग जोडून केलेलं पाण्याचं कूलिंग) आधीपासून घरात असेल तर डायरेक्ट-डाय ब्लॉकला, म्हणजे थेट डायवर बसणाऱ्या पाण्याच्या ब्लॉकला, तोड नाही. सीलबंद एआयओ मी सगळ्यांत शेवटी सुचवेन. आणि झाकण अजून जागेवर असेल, तर ते काढण्याआधी दोन फुकटाचे किंवा जवळपास फुकटाचे उपाय करून पाहा.

पहिला, बायोसमधला इको मोड, म्हणजे वॉटची मर्यादा खाली आणणारी सेटिंग. ७९५०एक्स मूळ सेटिंगवर सॉकेटमधून २३० वॉटपर्यंत घेतो, ‘१०५ वॉट’ नावाच्या इको मोडमध्ये प्रत्यक्षात १४२ वॉटपर्यंत. कामगिरीतली घट त्या मानाने फार थोडी असते. दुसरा, कूलर थोडा सरकवून बसवणं. एएम५ वर कोअर असलेल्या चिपलेट (प्रोसेसरमधले सिलिकॉनचे छोटे सुटे तुकडे) पॅकेजच्या मध्यभागी नसतात, एका कडेला असतात. म्हणून कूलर बनवणाऱ्या नॉक्टुआने ७ मिमी सरकवणाऱ्या पट्ट्या काढल्या आणि आर्क्टिकच्या एआयओसोबतही तशी सोय येते. फायदा नॉक्टुआच्याच म्हणण्यानुसार १ ते ३ अंशांचा, पण त्यासाठी काही फोडावं लागत नाही. डीलिड केलं की मात्र बॉक्स्ड प्रोसेसरवरची ३ वर्षांची वॉरंटी गेलीच म्हणून समजा.

एवढं करूनही झाकण काढावंसं वाटण्यामागे भक्कम कारण आहे. झेन ४ ची (रायझन ७००० मागच्या रचनेची) कोअर-चिपलेट जेमतेम ७१ चौरस मिमीची. तेवढ्याशा जागेतली उष्णता आधी इंडियमच्या सोल्डरमधून, मग तांब्याच्या जाड झाकणातून, मग पेस्टमधून जाते आणि त्यानंतर कूलरला भेटते. आधीच्या एएम४ सॉकेटचे कूलर एएम५ वर चालावेत म्हणून उंची तीच ठेवली गेली आणि झाकण जाड झालं. सोल्डर आणि झाकण हे दोन थर गेले की साधारण १० ते २० अंशांचा फरक पडतो. ज्यांच्या खोलीचंच तापमान मे महिन्यात ३८-४० अंशांवर असतं, त्या विदर्भातल्या वाचकांना हे आकडे किती मोलाचे आहेत ते सांगायला नको.

जुन्या लेखांमध्ये तिसरा मार्ग सापडतो: झाकण काढायचं, आत लिक्विड मेटल (गॅलियम असलेला द्रव धातू) लावायचं आणि झाकण परत चिकटवायचं. २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून २०१७ च्या ८७००के पर्यंत इंटेलच्या मुख्य डेस्कटॉप मालिकेत झाकणाखाली साधी पेस्ट होती, तेव्हा तो सल्ला योग्य होता. आजच्या रायझनमध्ये आत सोल्डर आहे. सोल्डर काढून लिक्विड मेटल भरण्यात विशेष काही हाती लागत नाही. झाकण काढायचं तर ते परत लावायचं नाही.

टॉवर

सर्वांत आधी स्वस्तातले डायरेक्ट-टच टॉवर यादीतून काढून टाका. त्यांत हीटपाइप थेट खाली घासून सपाट केलेल्या असतात आणि मधल्या फटींत ॲल्युमिनियम दिसतं. झाकण उष्णता पसरवतं तोवर ही रचना चालते. उघडी चिपलेट मात्र एखाद-दुसऱ्या पाइपखालीच येते, बाकीच्या पाइपांना काम उरत नाही. शिवाय लिक्विड मेटलमधलं गॅलियम ॲल्युमिनियमला अक्षरशः खाऊन ठिसूळ करतं. बेस अखंड तांब्याचा आणि वर निकेलचा मुलामा असलेलाच हवा.

उंचीचा प्रश्न त्यानंतर येतो. झाकण गेल्यावर डाय काही मिमी खाली राहते आणि कूलरचे स्क्रू त्याआधीच टेकतात. नॉक्टुआचं एनएम-डीडी१ किट याचसाठी आहे: फास्टनिंग पट्टीखाली घालायचे स्पेसर आणि लांब स्क्रू. जर्मन ओव्हरक्लॉकर रोमान हार्टुंग, म्हणजे डेअरबाउअर, यांच्या सहकार्याने ते तयार झालं आहे. किट आपल्या मॉडेलला बसतं का हे यादीत पाहूनच पैसे द्या.

बेसच्या सपाटपणाकडे लोक दुर्लक्ष करतात. काही प्रोसेसरांचं झाकण पकडीच्या दाबाने मध्ये किंचित खोलगट होतं म्हणून बरेच कूलर मुद्दाम किंचित फुगीर बेसचे बनवतात. उघड्या चिपलेटवर तोच फुगवटा नडतो, कारण बेसचा उंच भाग मधोमध आणि गरम चिपलेट कडेला. नॉक्टुआच्या एनएच-डी१५ जी२ च्या तीन आवृत्त्यांपैकी एलबीसी ही कमी फुगवट्याची आहे. उघड्या डायसाठी मी तीच घेईन.

टॉवरची खरी अडचण वजनाची. साधा एनएच-डी१५ पंख्यांसह १,३२० ग्रॅमचा आहे. कॅबिनेट उभं असताना हा भार खालच्या कडेवर कलतो, आणि वाहतुकीत बसणारा धक्का झाकणाऐवजी सिलिकॉन झेलतं. पुण्याहून गावी पीसी न्यायचा असेल तर कूलर उतरवून न्या.

एआयओ

पंप-ब्लॉक हलका असतो, हा त्याचा एकमेव मोठा फायदा. पण बहुतेक एआयओंचे स्टँडऑफ (ब्लॉक ज्यांवर आवळतात ते खांब) ठरावीक उंचीचे असतात. स्क्रू पूर्ण आवळला तरी ब्लॉक डायवर नीट टेकत नाही, किंवा अर्धवट टेकतो. ते जास्त धोक्याचं, कारण मशीन सुरू होतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. वॉशर आणि स्पेसरची जुळवाजुळव स्वतः करावी लागते. होसेस ताठ असतील तर त्या ब्लॉकला एका बाजूला ओढतात. एवढ्या खटपटीनंतर मिळणारा निकाल किट लावलेल्या टॉवरपेक्षा फार पुढे जात नाही. घरात एआयओ आहेच आणि त्याचे स्क्रू स्प्रिंगचे व उंची बदलता येणारे आहेत, तरच या वाटेला जावं.

डायरेक्ट-डाय ब्लॉक

थर्मल ग्रिझलीचा मायक्रो डायरेक्ट-डाय या प्रकारातला परिचित ब्लॉक. एएम५ आणि इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटसाठी तो वेगवेगळा मिळतो. उंची, दाब आणि पाण्याचा मार्ग झाकण नाही हे गृहीत धरूनच ठरवलेला असल्यामुळे वरच्या अडचणी मुळातच संपतात. वजनही उभ्या बोर्डवर त्रास देत नाही. पण सोबत पंप, रेझरव्हॉयर, रेडिएटर, फिटिंग्ज हे सगळं आलं. फक्त डीलिडसाठी कस्टम लूप उभा करणं मला पटत नाही. लूप आधीच असेल तर दुसरा विचार करू नका.

मध्ये काय लावायचं

लिक्विड मेटल सर्वांत थंड. थर्मल ग्रिझली स्वतःच्या कंडक्टोनॉटसाठी ७३ आणि क्रायोनॉट पेस्टसाठी १२.५ वॉट प्रति मीटर-केल्विन असे आकडे देते. पण ते विद्युतवाहक आहे आणि एएम५ वर चिपलेटच्या भोवती बारीक कपॅसिटर अगदी खेटून बसवलेले असतात. त्यांच्यावर पारदर्शक नेलपॉलिश किंवा कन्फॉर्मल कोटिंगचा थर देऊन तो पूर्ण वाळू द्यायचा. मगच मेटल, आणि तेही डाय आणि बेस दोन्हींवर घासून पसरलेल्या पातळ थरात. थेंब लोंबेल इतकं लागलं असेल तर उभ्या बोर्डवर ते खाली येणारच. हात बसलेला नसेल तर हनीवेलची पीटीएम७९५० शीट घ्या. ती साधारण ४५ अंशांना मऊ होऊन पसरते आणि वाहक नाही. काही अंश जास्त दिसतील, पण रात्री झोप लागेल. साधी पातळ पेस्ट उघड्या डायवर मी लावणार नाही. तापणं-निवणं चालू राहिलं की ती हळूहळू कडेला ढकलली जाते.

बसवताना

सॉकेटची मूळ पकड झाकणाच्या कडांवर दाब देते. झाकण गेलं की तिला धरायला काही उरत नाही, म्हणून डायरेक्ट-डाय फ्रेम किंवा ब्लॉकची स्वतःची रचना लागते. एएम५ वर मागची प्लेट त्याच पकडीच्या स्क्रूंनी धरलेली असते. ते काढताना मागून हात लावून ठेवा.

२००१ च्या सुमारास ज्यांनी लॅमिंग्टन रोडवरून अॅथलॉन एक्सपी आणून पीसी जुळवला, त्यांना उघडी डाय नवी नाही. चार कोपऱ्यांत रबरी ठिपके, मधोमध डाय, आणि क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवायची. डायचा कोपरा तुटायचा तो कूलर आधी एका बाजूने टेकवल्यामुळे. तो धोका आजही तसाच आहे. बोर्ड टेबलावर आडवा ठेवा, कूलर सरळ वरून खाली आणा, चारही स्क्रू फक्त पकड घेईपर्यंत फिरवा, मग समोरासमोरच्या जोडीत अर्धा-अर्धा फेरा. ७८००एक्स३डी सारख्या एकाच कोअर-चिपलेटच्या प्रोसेसरमध्ये एक कोपरा रिकामा असतो. त्या बाजूला कूलर कलू शकतो, तिथे फेरा आणखी लहान घ्या.

लिक्विड मेटल लावण्याआधी एकदा साध्या पेस्टचा पातळ थर देऊन कूलर बसवा आणि उचलून ठसा पाहा. प्रत्येक चिपलेटचा पूर्ण आयत उमटला पाहिजे. एका कडेला पेस्ट जाड राहिली असेल तर स्पेसर तपासा, स्क्रू जोराने आवळू नका.

सुरू केल्यावर रॅमचा एखादा चॅनल दिसत नसेल तर सॉकेटच्या पिनांवरचा दाब अपुरा आहे असं समजून फ्रेमकडे बघा. आणि फक्त तापमानावरून निकाल लावू नका. रायझन ७००० ची एक्स मालिका पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत स्वतःच वेग वाढवत जाते, त्यामुळे डीलिडनंतरही आकडा तोच दिसू शकतो, वेग आणि वॉट मात्र वाढलेले असतात. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा वॉटची मर्यादा सारखी ठेवूनच तुलना करा. दोन चिपलेटच्या प्रोसेसरमध्ये एक चिपलेट दुसरीपेक्षा खूपच तापत असेल तर कूलर तिरका बसला असण्याची शक्यता मोठी.

इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीबद्दल थोडक्यात: तिथली डाय मोठी, १३९००के ची सुमारे २५७ चौरस मिमी, त्यामुळे उष्णता एका ठिपक्यात इतकी कोंडत नाही. शिवाय तिथला बराचसा त्रास पकडीमुळे झाकण वाकण्याचा आहे आणि तो झाकण ठेवूनच, काँटॅक्ट फ्रेम (मूळ पकडीऐवजी बसवायची चौकट) लावून बराच कमी होतो. आधी ती लावा. तेवढ्याने भागलं नाही आणि घरात कस्टम लूप असेल, तर एलजीए१७०० चा डायरेक्ट-डाय ब्लॉक घ्या.