एक्झिबिशनचा उरलेला माल म्हणून घेतलेले ग्राइंडर, गेलेले ९,८०० रुपये

लोखंड कापायचे-घासायचे चार इंची ग्राइंडर चार, प्रत्येकी १,६५० रुपये. सात इंची एक, ३,२०० रुपये. एकूण ९,८००. हे पैसे मी १२ जानेवारीला भर दुपारी, माझ्याच शेडमध्ये उभा राहून एका अनोळखी माणसाला फोनवरून पाठवले. बावीस वर्षं फॅब्रिकेशन करतोय. लिहिताना लाज वाटते, पण हा माणूस अजून फिरतोय, म्हणून लिहितोय.

आमच्या सांगली जिल्ह्यात जानेवारीत बेदाणा शेडची कामं एकदम अंगावर येतात. माझ्याकडे दोन शेडचे रॅक करायचे होते, महिनाअखेरची तारीख दिलेली. दोन्ही जुने ग्राइंडर रिवायंडिंगला, म्हणजे मोटारीची जळलेली तार पुन्हा भरायला गेलेले. सातशे रुपये रोजाची दोन पोरं बसून. दुकानात ८५० वॅटचा चांगल्या कंपनीचा ग्राइंडर २,८५० ला सांगत होते, आणि मला एका वेळी दोन-तीन तरी लागणार होते. अशा वेळी दारात येऊन कुणी तेच नाव बाराशे रुपयांनी कमी भावात देत असेल, तर माझ्या जागी असलेल्या कुणीही निदान बघितलं असतं. मी हावरट नाही, अडलेला होतो.

माणूस गाडीतून आला. "मालक, पुण्याच्या एक्झिबिशनचा माल उरलाय, परत न्यायला भाडं परवडत नाही." ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल, मीही ऐकली होती. पण त्याने पिशवीतून एक मशीन काढलं, माझ्याच बोर्डाला लावलं आणि ४० मिलीचा लोखंडी अँगल डोळ्यांदेखत कापला. आवाज एकसारखा, हाताला हिसका नाही, वजन बरोबर. ते मशीन अस्सलच होतं. मला मिळाली ती खोक्यातली.

आणि इथेच मी थांबायला हवं होतं. मी म्हटलं, खोक्यातलं एक लावून बघू. तो म्हणाला, "सील तोडलं की वॉरंटी जाते, मालक." मी गप्प बसलो! कुठल्याही दुकानात ग्राइंडर घेताना दुकानदार स्वतः खोकं फोडतो, चालवून दाखवतो, मग बिलावर शिक्का मारतो. हे मला माहीत आहे, दहा वेळा तसंच घेतलंय. खोकी उचलून आत ठेवताना ती हलकीही लागली. चार इंची चांगलं मशीन पावणेदोन किलोच्या आसपास भरतं, आतलं तांबं आणि गिअर हाताला कळतात. ते हलकेपण माझ्या हाताला कळलं होतं. मी स्वतःला सांगितलं, आत हँडल नसेल. तो अर्धा मिनिट अजून रात्री आठवतो. पैसे पाठवताना स्क्रीनवर आलेलं नाव बिलावरच्या नावाशी जुळत नव्हतं, तेही दिसलं. "मेव्हण्याचं खातं आहे," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पहिल्यातून धूर निघाला. संध्याकाळी दुसरा गेला. सात इंचीचं बटण चालू अवस्थेतच अडकलं, प्लग उपटून बंद करावं लागलं. मशीनला लावायच्या, फुकट दिलेल्या चकत्यांपैकी एक फुटून तुकडा पोराच्या चष्म्यावर बसला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. मग मी बाकीच्या चकत्या नीट बघितल्या तर कशावरही वेग छापलेला नाही. चार इंची चकतीवर ८० मीटर प्रति सेकंद आणि १५,२०० च्या आसपासचे फेरे छापलेले असलेच पाहिजेत, कारण मशीन ११,००० ने फिरतं. छपाई नसलेली चकती फुकट मिळाली तरी लावू नका.

रिवायंडिंगवाल्याने आर्मेचर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, काढून तार ब्लेडने खरवडली. वरून तांब्याचा रंग, आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. मागच्या बाजूला बेअरिंगच्या जागी नुसता बुश, म्हणजे साधी नळी. "हे भरायला ७०० रुपये लागतील आणि पुन्हा जळेल," एवढंच म्हणाला.

बिल तेव्हा नीट वाचलं. पत्ता पुण्याचा, जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७ असतो, ०७ दिल्लीचा. वर आकडे-अक्षरं मिळून चौदाच, पंधरा हवीत. पैसे देण्याआधी हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघा, एक मिनिट लागतं.

आता पोलीस ठाणं. पहिल्या दिवशी ऐकलं, "पैसे तुम्ही खुशीने दिले, माल मिळाला, मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा." म्हणजे नकली माल कंपनीच्या नावाने विकणं हा गुन्हाच नाही! दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब म्हणाले, तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही. हेही खोटं. स्वतःच्या हाताने राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर माणूस ग्राहकच राहतो, २०१९ च्या कायद्यातच तसं लिहिलंय. पाच लाखांपर्यंत जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे जुन्या ग्राहक मंचात, शुल्कही नाही. पण तक्रार कुणावर करू? नाव खोटं, पत्ता खोटा. खरं नाव फक्त बँकेला माहीत. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेकडून नाव आणा, मग बघू. या दोन दारांमध्ये माझे तीन अर्धे दिवस गेले, पोरांचा दोन दिवसांचा रोज २,८०० अंगावर पडला, आणि शेवटी दुकानातून ५,७०० देऊन दोन ग्राइंडर घ्यावे लागलेच. ९,८०० रुपये कुणाला किरकोळ वाटत असतील, माझ्या शेडचं ते महिन्याचं भाडं आहे.

ठाण्यात नोंद घेत नसतील तर वाद घालत बसू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(४) प्रमाणे तक्रार लेखी, पोस्टाने, पोलीस अधीक्षकांना पाठवा. हे मला एका वकिलाने तिसऱ्या आठवड्यात सांगितलं, ठाण्यात कुणी सांगितलं नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. मी सहा दिवस त्या माणसाच्या "उद्या बदलून देतो" वर विश्वास ठेवला.

३ फेब्रुवारीला रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. पोहोचपावती आली आहे. पाचही मशीन पोत्यात बांधून ठेवलीत, पुरावा म्हणून, भंगारात दिली नाहीत. परवा शेजारच्या तालुक्यातल्या एका ट्रॉलीवाल्याचा फोन आला. तसाच माणूस, तेच पुण्याचं एक्झिबिशन, तीन खोकी. त्याने ४,९५० दिले.